फाळणीच्या गळ्यातला वारसा

दिल्लीची पंजाबी संस्कृती म्हणून आज जे मिरवले जाते, त्याचा मोठा भार घरदार गमावून आलेल्या स्त्रियांनी वाहिला, हे सरकारी सोहळ्यांत सहसा कुणी सांगत नाही.

सुरिंदर कौर यांचेच पाहा. १९४३ साली लाहोर नभोवाणीवर ज्यांचा आवाज प्रथम ऐकू आला, त्या गायिकेला चारच वर्षांनी लाहोर कायमचे सोडावे लागले. गाझियाबाद, मग मुंबई. तेथे चित्रपटांत पार्श्वगायनाची संधी मिळूनही १९५२ मध्ये त्या दिल्लीस आल्या आणि लोकगीतांकडेच वळल्या. पती प्रा. जोगिंदरसिंग सोढी यांच्यासह त्या ‘इप्टा’च्या पंजाब शाखेत राबल्या. ‘पद्मश्री’ लाभली २००६ मध्ये. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले! सियालकोटच्या शीला भाटिया यांनी ‘दिल्ली आर्ट थिएटर’ उभारून पंजाबी संगीतिका घडविली. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी रसिकाला त्यांचे नाव ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्या चळवळीनेही एक कबूल केले पाहिजे. गर्दी जमेपर्यंत गाणी आणि नंतर ‘खरे काम’, अशीच वाटणी आपण पुष्कळदा केली.

आज हीच वेळ सुदानवर आली आहे. एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल यांच्या सत्तास्पर्धेत तो देश भाजून निघत असून खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालयही लुटले गेले. ‘झार’ या स्त्रियांच्या विधीला चित्रांत आणणाऱ्या कमला इब्राहिम इशाक यांच्या मातीतल्या कलावंत स्त्रिया कैरो, नैरोबी अशा परक्या शहरांत विखुरल्या आहेत. संग्रहालय लुटले गेल्यावर जे उरते, ते त्यांच्याच हातांत आणि गळ्यांत.

१९४७ च्या निर्वासित स्त्रीला दिल्लीत निदान नागरिकत्व होते. फाळणीच्या निर्वासितांसाठी वसलेल्या लाजपतनगरात आज राहणाऱ्या अफगाण स्त्रीला ते नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, स्वतंत्र कायदाही केलेला नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकत्वाला धर्माची चाळणी लावली. असा कायदा झालाच पाहिजे, आणि त्यात धर्म विचारला जाता कामा नये.

दुसरी मागणी संगीत नाटक अकादमीकडे. दिल्लीच्या जुन्या निर्वासित वसाहतींतील वृद्ध स्त्रियांची गाणी तिने त्वरित ध्वनिमुद्रित करावीत. लाहोर-सियालकोटच्या लग्नघरांतील गाणी ज्यांनी कळत्या वयात ऐकली, त्या आता नव्वदीच्या घरात आहेत.