आधी भिंत, मग लेन्स

झाडांचे फोटो म्हटलं की जो तो सांगतो, "100 एमएमची मॅक्रो घ्या!" या सल्लागारांना माझ्या अंबाजोगाईच्या खोलीत तासभर कोंडून ठेवावं. खोली 10 बाय 10. उन्हात करपू नये म्हणून क्रोटन आत आणलेलं, कुंडीसकट 3 फूट.

महागाईभत्त्याच्या फरकात मी ती लेन्स घेतली. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा. अख्खं झाड मावायला निदान 13 फूट मागं सरावं लागतं, हे दुकानदार बोलला नाही. सरत सरत मी दाराबाहेर, थेट शेजारच्या वाळवणात.

"अहो भाऊजी, पापड तुडवलेत की!"

पानाची शीर टिपायला ती लेन्स झकास, कबूल. पण झाड म्हणजे नुसती शीर का हो? 35ची साधी लेन्स अख्खं झाड 5 फुटांत घेते. 18ची घेऊन फारच जवळ गेलात, तर पुढचं पान सुपाएवढं आणि कुंडी वाटीएवढी!

कर्ज देताना आम्ही आधी ऐपत बघतो. इथं खोलीची लांबी कुणी विचारतं?

दुकानदारानं लेन्स परत घेतली नाही. तिच्या डबीत मात्र हिनं वेलदोडे भरलेत.