बोलण्यावरचा टोलनाका

आमच्याकडे निकाहच्या तकरीरीत हल्ली मियाँ-बीवीच्या हक्कांपेक्षा मोबाईलवर जास्त वेळ जातो. मागच्या सुट्टीत कर्जत तालुक्यातल्या एका लग्नात पडद्याआड बसून, लाऊडस्पीकरवरून, मी पुन्हा तेच ऐकलं. आखातातला फोन इंटरनेटवरून फुकट यायला लागला आणि घरातली बरकत गेली. पूर्वी महिन्यातून एकदा फोन यायचा, माणसं सब्र करायची, घरं टिकायची. आता बाई दिवसभर कानाला फोन लावून बसते. बायकांमध्ये दोन-चार जणींनी मान डोलावली. त्यातल्या एकीच्या मांडीवरचा फोन तेव्हाही थरथरत होता, आणि त्यावर कुवेतचा नंबर होता.

हे म्हणणं एका मौलवीसाहेबांचं असतं तर सोडून दिलं असतं. पण हेच म्हणणं मोबाईल कंपन्यांनी दिल्लीत मांडलं, आखातातल्या सरकारांनी कायद्यात लिहिलं, आणि आमच्या मोहल्ल्यात ते दीनच्या नावावर खपतं. तिघांचे शब्द वेगळे आहेत. कंपनी त्याला नुकसान म्हणते, सरकार परवाना म्हणतं, आम्ही फितना म्हणतो. गरिबाने आपल्याच माणसाशी बोलायचं तर मध्ये कुणीतरी उभं असलं पाहिजे, यावर मात्र तिघांचं एकमत आहे.

त्या ‘टिकणाऱ्या’ घरांबद्दल आधी बोलू, कारण ती घरं मी आतून पाहिली आहेत.

म्हसळा-श्रीवर्धनकडे मोहल्लेच्या मोहल्ले आखातावर उभे आहेत, तसं कर्जत-खालापुरात नाही. आमची बरीचशी माणसं लोकल पकडून कल्याण-मुंबईला जातात, नाहीतर खोपोलीच्या कारखान्यांत. तरी प्रत्येक वस्तीत पाच-दहा घरं अशी होतीच की ज्यांचा माणूस सौदीला, मस्कतला किंवा दुबईला होता. १९९०च्या दशकात मी शाळेत होते. मराठीही लिहिता येते आणि उर्दूही, अशी मुलगी म्हणून या घरांची खतं लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. भाभी समोर बसायच्या. शेजारी त्यांच्या सासूबाई तांदूळ निवडत बसायच्या. मग मजकूर सुरू व्हायचा, “लिही बेटा, इथे सगळे खैरियतने आहेत.” अर्ध्या खतांत सगळे खैरियतने नव्हते, हे मलाही ठाऊक होतं आणि तांदूळ निवडणाऱ्या हातांनाही. भाभींना आमची कोकणी बोली सोडून दुसरी भाषा धड येत नव्हती. कुरआन त्या अरबीत वाचायच्या, पण त्या अक्षरांत स्वतःचं नाव त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्यांचं मन माझ्या शाळकरी उर्दूत जायचं, आणि तिकडे नवऱ्याला वाचता येत नसेल तर खोलीतला दुसरा कुणी ते वाचून दाखवायचा. नवरा-बायकोच्या मध्ये दोन परके आणि एक सासू. काही घरांतून आवाजाची कॅसेट भरून पाठवायचे. तीही टेपरेकॉर्डर बैठकीच्या खोलीत, म्हणून सगळ्यांसमोर.

फोन आला तो लँडलाइनच्या घरी किंवा स्टेशनाबाहेरच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर. आठवडाभर आधी निरोप यायचा, जुम्याच्या नमाजनंतर बसून राहायचं. आधी अब्बा बोलणार, मग अम्मी, मग धाकटा भाऊ (त्याला घड्याळ हवं असायचं), आणि बायकोच्या हातात रिसीव्हर येईपर्यंत तिकडचं कार्ड संपत आलेलं. इकडून लावायचा तर बूथच्या काचेत लाल आकडे पळायचे. परदेशी फोनची मक्तेदारी तेव्हा विदेश संचार निगमकडे होती. ती १ एप्रिल २००२ला उठली, आणि इंटरनेटवरून परदेशी बोलणंही भारतात त्याच दिवसापासून कायदेशीर झालं. त्याआधी कॉम्प्युटरवरून स्वस्तात नवऱ्याशी बोलणारी बाई कायद्याने गुन्हेगार ठरली असती. सब्र म्हणून ज्याची तारीफ होते, त्यातलं बरंचसं सब्र दरपत्रकाने लादलेलं होतं.

२००९-१०च्या सुमारास सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेत नोकियाचे ई-सिरीज, एन-सिरीजचे फोन दिसायला लागले. काहींच्या कीपॅडवर अरबी अक्षरं असायची. इकडच्या दुकानांत थोड्याच दिवसांत टचस्क्रीनचा ५२३३ आला. या फोनांत निंबझ किंवा फ्रिंग टाकलेलं असायचं. स्काइप, याहू, जीटॉक अशा वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकाच यादीत आणायचं काम ही ॲप्स करायची. तिकडे खोलीत वायफाय, इकडे घाटाखाली एज, तेही माळ्याच्या खिडकीत एकच दांडी. आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचायचा. दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम गप्प व्हायचे. मोठ्या कंपन्यांना हेही बघवलं नाही. जुलै २०१०मध्ये फ्रिंगवरून स्काइप गेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात निंबझवरून. ज्याच्या हाती नाका आला त्याने तो बंद करून पाहिला, हे तेव्हापासून चालू आहे. पुढे निंबझ संपलं, फ्रिंग संपलं, आणि ५ मे २०२५ला स्काइपही बंद झालं.

मला त्या फोनांचं एक वेगळंच कौतुक आहे, ते शिक्षिका म्हणून. त्यांत आमची कुठलीच लिपी नीट नव्हती. अरबी फॉन्ट असायचा, पण उर्दूचे टे, डाल, ड़े आले की चौकोन दिसायचे. मराठीचंही तेच. ऑपेरा मिनीत एक सेटिंग बदललं की देवनागरी चित्रासारखी उमटायची, ही युक्ती मला माझ्या नववीतल्या मुलांनी शिकवली. लिहायचं ते रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी शाळेत गेलेल्यालाच. आवाजाला मात्र फॉन्ट लागत नव्हता. मी जिची खतं लिहिली, त्या भाभींनी नवऱ्याला पहिल्यांदा आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने, माळ्यावर एकट्या बसून सांगितलं की सासूबाई औषधाचे पैसे देत नाहीत. घरात वादळ झालं. यालाच आमच्याकडे बरकत जाणं म्हणतात.

आता कंपन्यांकडे येते. डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरच्या कॉलला लागणारा डेटा नेहमीच्या पॅकमधून धरला जाणार नाही. थ्रीजीवर दर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० पैसे. मी तेव्हा फळ्यावर मांडावं तसं गणित मांडलं होतं. एक मिनिट बोलायला साधारण अर्धा एमबी लागतो, म्हणजे १० केबीचे पन्नासेक तुकडे. थ्रीजीवाल्याला मिनिटाला दोन रुपये, टूजीवाल्याला पाच. थ्रीजी शहरात होतं आणि आमच्या घाटाखाली टूजी. ज्याचा आवाज तुटत होता त्याने अडीचपट द्यायचे. ओरड झाली आणि आठवड्याच्या आत कंपनीने हे मागे घेतलं.

कंपन्यांची बाजू अशी की टॉवर आमचे, लहरींचे पैसे आम्ही भरले. खरं आहे. २०१०च्या थ्रीजी लिलावात सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. पण आम्हाला हे समजायला दिल्लीला जावं लागत नाही, आमच्या तालुक्यात खालापूरचा टोलनाका आहे. द्रुतगती मार्ग बांधायलाही पैसे लागले. म्हणून कारला वेगळा दर, बसला वेगळा, ट्रकला वेगळा. काच खाली करून कुणी विचारत नाही की गाडीतली दोघं काय बोलतायत, आणि बोलणार असाल तर आणखी दोनशे काढा. डेटाचे पैसे ग्राहकाने भरलेले आहेत. त्या डेटातून तो बयान ऐको, क्रिकेट बघो की बायकोशी बोलो. फुकट हा शब्दच खोटा आहे. मी ज्या घरांत वावरते तिथे रिचार्जचे पैसे दूधवाल्याच्या आधी बाजूला काढलेले असतात.

आणि टॉवरचं म्हणाल तर आमच्या भागाला हा अनुभव जुना आहे. १९१५ साली खोपोलीत टाटांची वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. डोक्यावर तारा आणि खाली कंदील, असं आमच्या आजीच्या पिढीने कितीतरी वर्षं काढलं.

मार्च २०१५मध्ये ट्रायने या विषयावर लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांवर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६मध्ये मजकूर पाहून वेगळे दर लावायला बंदी आली, फेसबुकचं फ्री बेसिक्सही त्यातच अडकलं. बंगळुरूची, पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलं या लढाईत होती. ज्यांची घरं या कॉलवर चालतात ते आम्ही कुठे होतो? आमच्या जलशांत त्या वर्षी किंवा नंतर हा विषय निघालेला मी ऐकला नाही. फोन बिघडवतो हे ऐकलं, फोन महाग करतायत हे नाही.

आखाताबद्दल तर आमच्याकडे कुणी बोलतच नाही, रोजी तिकडची आहे म्हणून. सौदीने जून २०१३मध्ये व्हायबर बंद केलं आणि इंटरनेट कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७मध्ये उठवली. दुबईत आजही व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो जातो, बोलता येत नाही. २०१८मध्ये तिकडच्या कंपन्यांनी बोटिमसारखी परवानगीची ॲप्स दिली, महिन्याला ५० दिरहम. ज्याला हजार दिरहम पगार आहे त्याचा हा विसावा हिस्सा झाला. पोराची हाक ऐकण्यासाठी पगाराचा विसावा हिस्सा, आणि चोरवाट म्हणून व्हीपीएन वापरायचा विचार केला तर २०१६च्या दुरुस्तीत दंड ५ लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत. मजुराच्या पैशातली बरकत कुठे जाते याचा हिशेब जलशात करायचाच असेल तर इथून सुरुवात करावी.

आमच्या वडीलधाऱ्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे तलाक. व्हॉट्सॲपवर तलाक, स्काइपवर तलाक, म्हणून फोन वाईट. शायरा बानो यांना २०१५ साली तलाकनामा आला तो स्पीड पोस्टाने. २२ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाने एका दमातला तलाक रद्द केला, तो त्याच खटल्यात. त्यानंतर कुणी स्पीड पोस्टाविरुद्ध तकरीर केल्याचं माझ्या कानावर नाही. ज्याला बायकोला सोडायचं होतं त्याने दारात उभं राहून तीन शब्द उच्चारले, कार्डावर लिहिले, फोनवर सांगितले. उलट कॉलमुळे निदान बाईला तिथल्या तिथे विचारता आलं, का म्हणून?

लाऊडस्पीकरचाही इतिहास आमच्या आलिमांनी विसरू नये. त्यावरून नमाज होते की नाही, यावर किती वर्षं वाद चालला. मुफ्ती मुहम्मद शफींनी नव्या यंत्रांच्या शरई हुकुमांवर किताब लिहिली, आणि लाऊडस्पीकरवरच्या नमाजबद्दलचं आपलं आधीचं मत पुढे बदललं. माणूस मोठा होता, तपासून पाहिलं आणि मत बदललं. आता त्याच लाऊडस्पीकरवरून मोबाईल हराम असल्याचं सांगितलं जातं, ते मोबाईलवर रेकॉर्ड होतं आणि संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर चढतं. पूर्वी हीच बयानं दुकानदार मेमरी कार्डात भरून द्यायचे, गाण्यांच्या फोल्डरशेजारी.

फोनने नासधूस होते हे मला कुणी शिकवू नये, मी वर्गात उभी असते. सातवीच्या मुलाचं लक्ष पाच मिनिटं टिकत नाही, आणि फॉरवर्ड केलेली अफवा मोहल्ल्यात अजानच्या आधी पोचते. यावर बोला, मी पुढच्या रांगेत बसेन. पण तकरीर मुलांवर सुरू होते आणि दुसऱ्या मिनिटाला सुनेवर येते. सुनेला साधा बटणाचा फोन द्या, नेट नको. दीराला नेट चालतं, सासऱ्यांना चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या फक्त ५३.९ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. बाकीच्या अजून कुणाच्या तरी हातातल्या फोनवर, कुणाच्या तरी समोर बोलतात. माझ्या लहानपणीच्या खतांसारखंच.

जुलै २०२३मध्ये ट्रायने हाच प्रश्न पुन्हा बाहेर काढला: बोलण्याच्या ॲप्सना परवाना लावावा का, आणि गरज पडली तर निवडक ॲप्स बंद करावीत का. ‘सेवा तीच तर नियमही तेच’ ही कंपन्यांची मागणी आहेच. दुबईची बंदी तशीच आहे, आणि भारत सरकार तिथल्या सरकारशी कितीतरी करार करतं. त्यात मजुराच्या कॉलचाही मुद्दा घ्या, असं पत्र परराष्ट्र मंत्रालयाला लिहायला कुठल्या फतव्याची गरज नाही.

आमच्या तालुक्यांतल्या जमातींनी पुढच्या जलशात ठराव करायचं मनावर घेतलं, तर मसुदा मी मराठीत आणि उर्दूत दोन्ही लिहून देते. पडद्याच्या या बाजूच्या सह्या गोळा करायचं कामही माझ्याकडे द्या.