शीन : एक अक्षर, दोन उच्चार

हिब्रू वर्णमालेंतील बावीस अक्षरांपैकीं 'शीन' हें एकविसावें होय. ज्यांनीं ११९ वें स्तोत्र लक्षपूर्वक वाचिलें आहे, त्यांस १६१ ते १६८ या वचनांच्या माथ्यावर हें नांव आढळलें असेल. त्याचा संबंध 'शेन', म्हणजे दांत, या शब्दाशीं जोडतात. तीन दांड्यांची ही आकृतिही दांतांच्या ओळीसारखीच दिसते.

या अक्षराचे उच्चार दोन. उजवीकडे बिंदु दिल्यास 'श', डावीकडे दिल्यास 'स'. हे बिंदु मासोरा पंडितांनीं मागाहून योजिले. सभास्थानांतील नियमशास्त्राच्या चर्मपटांवर ते आजही नसतात. वाचकानें संदर्भावरून ओळखावयाचें. यांत आपणांस नवल वाटूं नये. 'चार' व 'चारा' यांतील च भिन्न असूनही आपण एकच अक्षर लिहितों.

परंतु याच श-स भेदानें एकदां मोठा अनर्थ घडविला. शास्ते या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत त्याची हकीकत आहे. गिलादी लोकांनीं यार्देनेचे उतार अडविले, आणि पलीकडे जाऊं इच्छिणाऱ्यास ते 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावूं लागले. अर्थ साधाच : कणीस, किंवा पाण्याचा प्रवाह. एफ्राइमी मनुष्यास 'श' साधेना. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तेथेंच त्याचा वध होई. त्या प्रसंगीं ४२,००० एफ्राइमी पडले. मारणारे व मरणारे दोघेही इस्राएलच!

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गांत तलवार नाहीं, पण हंसें आहे. खेड्यांतून आलेला मुलगा 'शाळा' न म्हणतां 'साळा' म्हणतो, आणि बांकें खदखदतात. तो आपल्या आईचीच बोली बोलत असतो. हंसणाऱ्यांनीं 'षट्कोण' हा शब्द उच्चारून पाहावा. बहुतेकांच्या मुखीं 'ष'चा 'श'च होतो, आणि त्यांस कोणी हंसत नाहीं!

शुद्ध उच्चार शिकविणें हें शिक्षकाचें कर्तव्यच आहे. त्यांत मी तिळमात्र सूट मागत नाहीं. परंतु उच्चार सुधारणें निराळें व उच्चारावरून माणसाची किंमत करणें निराळें. शिकविल्यानें मुलाची जीभ वळते. हंसल्यानें तो मुका होतो. पालकांनींही घरीं ही गोष्ट मुलांस समजावून द्यावी. 'शालोम', म्हणजे शांति, या शब्दाचें आद्याक्षरही शीनच आहे.