पांढरा गणवेश आणि कोल्हापूरचा पाऊस

मराठीत ‘अर्धपारदर्शक’, उर्दूत ‘नीम-शफ्फाफ’. दोन्ही भाषा मी शिकवते आणि दोन्हींतला हा शब्द मला जरा फसवाच वाटतो. ‘अर्ध’ म्हणा की ‘नीम’, ऐकणाऱ्याला वाटतं निम्मा प्रकाश पलीकडे जातो, निम्मा अडतो. प्रत्यक्षात काळ्या गॉगलमधून फार थोडा प्रकाश येतो, तरी समोरचा माणूस ओळखू येतो. बटर पेपरमधून त्याहून कितीतरी जास्त उजेड येतो, पण माणूस ओळखू येत नाही. प्रकाश सरळ गेला की विखुरला, यावर सगळं ठरतं.

रमजानमध्ये भजी बांधून आणलेला कागद दिव्यासमोर धरून बघा. तेलाचा डाग पडलाय तिथून उजेड आरपार येतो. कागद म्हणजे तंतूंचं जाळं आणि मधे हवा. तंतूंचा अपवर्तनांक साधारण १.५, हवेचा १. या फरकामुळे प्रत्येक तंतूपाशी प्रकाश वळतो, उलटा फिरतो, आणि त्या धांदलीमुळेच कागद पांढरा दिसतो. तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. हवेची जागा तेलाने घेतली की फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाशाची वाट मोकळी होते. पाण्याचा १.३३, म्हणून ओला कागद तेलकट कागदाइतका नाही, पण कोरड्यापेक्षा बराच आरपार दिसतो.

सुती कापडाचे तंतूही त्याच सेल्युलोजचे. आता पांढरा कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी घातलेली आठवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. जूनच्या मध्याला शाळा उघडते. पुढचे तीन महिने पाऊस कसा असतो, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगणार! भिजलेलं कापड नुसतं आरपार होत नाही, अंगाला चिकटतंही. बटर पेपर छापील अक्षरांवर टेकवला तर वाचता येतात, बोटभर वर उचलला की पुसट होतात. चिकटलेल्या कुर्त्याचं तेच होतं.

मग काय होतं? मुलगी दप्तर छातीशी धरून वर्गात येते. दिवसभर फळ्यापाशी यायला तयार नसते. मधल्या सुट्टीत जागेवरून उठत नाही. अम्मी सांगते, आतून जाड शमीज घाल. बाई सांगतात, रेनकोट नीट घालत जा. शेजारीण सांगते, मुलीच्या जातीनं जपून राहावं. कापडाच्या गुणधर्माचा जाब मुलीला विचारला जातो. पडद्यावर तासभर बोलणारी आपली वडीलधारी मंडळी या कापडाबद्दल मात्र गप्प. जलशांत इब्न अल-हैसमचं नाव घेऊन ‘प्रकाशाचं शास्त्र आमचं’ म्हणायला आपण पुढे असतो. अकराव्या शतकातल्या त्या माणसाचा अभिमान मलाही आहे. पण त्याच्या ‘किताबुल मनाजिर’चा विषय आपल्या लेकींच्या अंगावर रोज भिजतोय, तिकडे कोण बघणार?

पांढरा रंग स्वच्छ दिसतो, शिस्तीचा वाटतो, असं म्हणतात. धुणारीला विचारा.

गडद निळा किंवा गडद हिरवा घ्या. रंगद्रव्य तंतूतच प्रकाश शोषून घेतं, पाण्याने त्यात काही बिघडत नाही. कापड भिजून आणखी गडद दिसेल, इतकंच. ओढणी पांढरी हवीच असेल तर राहू द्या, कुर्ता आणि सलवार बदला.

आणि हे कुणी करायचं? महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे अम्मी, खाला, फुफी तिथे बसू शकतात, बसतातही. अनेकदा सही करून परततात. खासगी संस्थांत पालक सभेत विषय काढता येतो. मात्र तो मार्चमध्येच काढावा लागेल. मे महिन्यात दुकानात पांढऱ्या कापडाचे तागे लागलेले असतात, आणि मग ‘आता पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं.