जुनी जीप घेताय? आधी आर.सी. बुक बघा

गावाकडे दोन एकर आहे, दुधाचे कॅन आणायचे असतात, लग्नसराईत वरातीला भाडेही मिळते, म्हणून जुनी जीप घेण्याचा विचार आपल्या अनेक घरांत चालतो. विचार वाईट नाही. पण त्यासाठी कुणी पतपेढीचे कर्ज काढते, कुणी घरातले डोरले मोडते. तेव्हा गाडी कुठून घ्यावी याबद्दल आम्ही थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

सर्वांत बरे म्हणजे थेट मालकाकडून. त्याच्या घरी जावे, आर.सी.वरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना ते पाहावे, इंजिन व चॅसीचे नंबर स्वतः ताडून घ्यावेत.

एजंटाकडे मात्र वेगळाच प्रकार चालतो. मूळ मालकाने सह्या केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म घेऊन गाडी तीन-चार हात फिरते, आर.सी.वर नाव पहिल्याचेच राहते. असा मालक वारला तर वारसांच्या दारात कोण उभे राहणार? कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. जीप विकणाऱ्या बांधवांनीही लक्षात ठेवावे : नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

सोलापूरला आणखी एक मोह असतो. विजयपूर, कलबुर्गीकडे गाडी स्वस्त मिळते. पण तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. लागते, इथे महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, नंबर बदलावा लागतो. हा खर्च किमतीत धरूनच स्वस्त की महाग ते ठरवा. वडापला चाललेली काळी-पिवळी जीप असेल तर थकलेला कर, दंडाची चलने आणि परमिट आधी बघा.

फायनान्सने ओढून आणलेली गाडी लिलावात मिळते, पण कर्जाचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पुरे पैसे देऊ नयेत. पूर्वी सरकारी खात्यांच्या जिपा लिलावात घेऊन लोक वापरत. ते आता विसरा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या भंगारातच जातात. लष्कराने काढलेली जिप्सी किंवा जोंगा घ्यायची तर विक्रीचा अस्सल दाखला, म्हणजे २१ नंबरचा फॉर्म, हवाच. बाण असलेल्या लष्करी नंबरावर ती रस्त्यावर आणता येत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढते. वीस वर्षांवरील मोटारीला ही फी २०२५ साली दहा हजार रुपये झाली. पर्यावरण कर वेगळाच.

मिस्त्री मात्र आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. बोनेटपेक्षा चॅसी महत्त्वाची. खालून ताजा काळा रंग मारला असेल तर त्याखाली गंज आणि वेल्डिंग शोधा. फोर बाय फोरची दांडी आहे म्हणून जास्त पैसे मागतात, पण काही गाड्यांचा पुढचा शाफ्ट केव्हाच काढलेला असतो. वाकून बघायला पैसे पडत नाहीत. पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवले असेल आणि आर.सी.वर पेट्रोलच असेल, तर ती गाडी सोडा.

विसार थोडाच द्या, पावती घ्या, आणि काही रक्कम आर.सी. आपल्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा. सौद्याला घरच्या बाईलाही न्या. डोरले तिचे मोडले आहे.