विरंगुळ्याचे पुस्तक

दिवसभर नांगर ओढून थकलेल्या बैलाच्या मानेवरचे जू सायंकाळी उतरवले जाते. शेतकरी त्याला चारा घालतो, त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि त्याला निवांत बसू देतो. असे करण्यात तो बैलावर मोठासा उपकार करीत नाही. उद्याचे काम नीट व्हावयाचे तर आजची विश्रांती आवश्यक आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मनुष्याच्या मनाचेही असेच आहे. शरीराचा शीण झोपेने जातो. परंतु मनाचा शीण नुसत्या झोपेने जातोच असे नाही. त्याला विरंगुळा लागतो. कोणी गाणे ऐकतो, कोणी मैदानावर खेळतो, कोणी गप्पांच्या बैठकीत रमतो. आणि कोणी एखादी हलकीफुलकी, हसवणारी कादंबरी हाती घेऊन खिडकीपाशी बसतो.

या शेवटच्या मनुष्याकडे मात्र आपण थोड्या संशयाने पाहतो. मुलगा इतिहास किंवा चरित्र वाचताना दिसला, की घरातील वडीलमाणसे समाधान पावतात. तोच मुलगा पुस्तक वाचता वाचता खुदकन हसला, की लगेच प्रश्न येतो, “अभ्यास झाला का तुझा?” जणू हसणे आणि वाचणे या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदूच शकत नाहीत! हा संशय आजचा नाही. समर्थ रामदासांनीही विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली आहे. पण समर्थांचा उपदेश परमार्थाच्या वाटेवरील साधकासाठी होता, हे आपण विसरतो. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या एकनाथांनी तर आपल्या भारुडांतून लोकांना पोट धरून हसवले आणि हसवता हसवताच अध्यात्म त्यांच्या गळी उतरवले. ‘विनोद’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘दूर सारणे’ असा आहे. जो मनाचा शीण आणि कंटाळा दूर सारतो, तो विनोद. असे पाहिले, तर विनोद म्हणजे मनाचे औषधच ठरते.

विनोदी पुस्तकांना आपण ‘हलके वाचन’ असे म्हणतो. ‘हलके’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत आणि सारा घोटाळा या दोन अर्थांच्या सरमिसळीतून झाला आहे. हलके म्हणजे वजनाने किंवा पचनाला कमी, हा एक अर्थ. आणि हलके म्हणजे कमी प्रतीचे, हा दुसरा. आजाऱ्याला आपण भाताची पेज देतो, कारण ती हलकी असते. परंतु पेज हलकी असते, म्हणून ती हलक्या तांदळाची करावी, असे कोणतीही शहाणी गृहिणी म्हणणार नाही. उलट, पोट नाजूक असते म्हणूनच ती तांदूळ अधिक काळजीने निवडते. विरंगुळ्यासाठी घ्यावयाच्या पुस्तकाचेही असेच असावे. थकलेले मन सावध नसते. जे समोर येईल ते ते मुकाट्याने स्वीकारते. म्हणूनच त्याच्यापुढे काय ठेवावयाचे, हे अधिक पारखून घेतले पाहिजे. हलके वाचन जरूर करावे, परंतु हलक्या प्रतीचे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हलके लिहिणारे लेखक स्वतः मात्र हलके नसतात, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या अजरामर जोडीचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे व्यासंगी विद्वान होते. बडोद्यास ते पालीचे अध्यापन करीत. बौद्ध वाङ्मयाचा गंभीर अभ्यास करणाऱ्या याच लेखणीने १९३३ साली ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ महाराष्ट्राच्या हाती दिले. इंग्रजी लेखक जेरोम के. जेरोम याच्या वाट्याला तर बालपणीच दारिद्र्य आले. तो पंधरा-सोळा वर्षांचा होण्यापूर्वीच त्याचे आईवडील दोघेही वारले. शाळा सोडून त्याला रेल्वेत नोकरी धरावी लागली आणि रुळांच्या कडेला सांडलेला कोळसा गोळा करण्याचे काम करावे लागले. याच जेरोमने १८८९ साली ‘थ्री मेन इन अ बोट’ हे पुस्तक लिहून जगाला हसवले. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, त्याच्या वडिलांना कर्जापायी तुरुंगात जावे लागले आणि त्या कोवळ्या मुलाला बूटपॉलिशच्या कारखान्यात दिवसभर राबावे लागले. पुढे पंचविशीच्या उंबरठ्यावर त्यानेच ‘पिकविक पेपर्स’ ही आनंदाने ओसंडणारी कादंबरी लिहिली. दुःख ज्याने पाहिले आहे, त्याच्याच हसण्याला असा खरेपणा येतो.

मग चांगले हलके पुस्तक ओळखावे कसे? माझ्या मते त्याच्या तीन कसोट्या आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी, की हे पुस्तक आपल्याला कोणाला हसावयास लावते? जेरोमच्या पुस्तकाचा आरंभच पाहा. निवेदक सहज म्हणून वैद्यकाचा एक ग्रंथ चाळावयास घेतो आणि पाने उलटता उलटता त्याची खात्री पटत जाते, की ग्रंथातील बहुतेक सगळे रोग आपल्याला झालेले आहेत! पुढे थेम्स नदीवरील सफरीत या तिघा मित्रांना अननसाचा एक बंद डबा सापडतो. परंतु डबा उघडण्याचे साधन मात्र घरी राहिलेले असते. ते त्याला चाकूने भोसकतात, दगडाने ठोकतात, डोलकाठीने बडवतात. डब्याला नाना आकार येतात, पण तो काही उघडत नाही. अखेर तो नदीत भिरकावून देऊन ते पुढे निघतात. येथे लेखक प्रथम स्वतःला हसतो आणि मग आपल्याला हसण्याचे आमंत्रण देतो. आपणही हसतो, कारण तसा एखादा डबा आपल्याही आयुष्यात कधीतरी आलेला असतो. चिमणरावही असाच. सरळ स्वभावाचा, भित्रा, संसाराच्या ओढाताणीत सापडलेला हा कारकून आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडीत नाही.

याच्या उलट, कोणाच्या तोतरेपणावर, काळ्या रंगावर, लंगड्या पायावर, गरिबीवर किंवा खेडवळ बोलीवर उभा केलेला विनोद पाहा. त्यानेही हसू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या हसण्याने आपले मन दुसऱ्याच्या दुःखाविषयी थोडे बोथट होते. जुन्या पुस्तकांत, अगदी नावाजलेल्या पुस्तकांतही, अशा जागा भेटतात. त्यामुळे ती पुस्तके फेकून देण्याचे कारण नाही; तेथे क्षणभर थांबून, “हे हसू मला शोभते का?” असा प्रश्न मनाला विचारला, तरी पुरे. विनोदाचा रोख दुबळ्याकडे नसून दांडग्याकडे असला, तर त्याच हसण्याला निराळे तेज चढते. पी. जी. वुडहाऊस (१८८१–१९७५) हा निव्वळ गमतीचा लेखक म्हणून प्रसिद्ध आहे. चांदीची दुधाची एक झारी चोरण्याची भानगड एवढाच त्याच्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या कादंबरीचा विषय. परंतु ती १९३८ साली प्रसिद्ध झाली. युरोपात तेव्हा काळे, तपकिरी शर्ट घालून हुकूमशहांचे अनुयायी संचलने करीत होते. वुडहाऊसने त्या कादंबरीत असाच एक होऊ घातलेला हुकूमशहा रंगवला. मात्र त्याच्या अनुयायांचा गणवेश होता काळ्या अर्ध्या चड्ड्यांचा. कारण त्याने आपला पक्ष काढीपर्यंत सर्व रंगांचे शर्ट संपून गेले होते! शंभर निषेधपत्रकांनी झाले नसते, ते काम या एका थट्टेने केले.

दुसरी कसोटी अशी, की पुस्तकात माणसे आहेत की नुसते चुटके आहेत? आज मोबाइलच्या पडद्यावर चुटक्यांना तोटा नाही. बोट सरकवले, की नवा चुटका समोर येतो. आणि पाचवा येईपर्यंत पहिला आपण विसरलेलो असतो. चुटका एकदा ऐकला, की संपतो. चांगल्या विनोदी कादंबरीतले माणूस मात्र पुस्तक मिटल्यावरही आपल्या सोबत राहते. ‘पिकविक पेपर्स’ १८३६ आणि १८३७ या वर्षांत दरमहा सुट्या भागांनी प्रसिद्ध झाली. आरंभी तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर अवतरला आणि खप वाढू लागला. अखेरीस तो दरमहा सुमारे ४०,००० प्रतींवर गेला. वाचकांना केवळ विनोद हवा असता, तर तो पहिल्या भागातही होता. त्यांना ओढ लागली ती सॅमची. चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथा रूढ अर्थाने कादंबरी नव्हेत. परंतु तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत असल्यामुळे त्यांत कादंबरीचाच आनंद मिळतो. म्हणूनच पुढे १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर त्यांची मालिका झाली, तेव्हा नव्या पिढीनेही त्यांना आपलेसे केले.

तिसरी कसोटी भाषेची. विनोद भाषेच्या अंगाखांद्यांवर खेळतो. भाषा ओबडधोबड असेल, तर तो ठेचकाळतो. पु. ल. देशपांडे यांचे १९५८ सालचे ‘बटाट्याची चाळ’ वाचावे. मुंबईच्या चाळीतील बिऱ्हाडे, त्यांचे उपास, त्यांचे प्रवासाचे बेत आणि त्यांच्या सांस्कृतिक चळवळी वाचताना प्रत्येक रहिवाशाच्या बोलण्याची ढब कानात घुमू लागते. आणि सारे हसून झाल्यावर अखेरच्या चिंतनात चाळीच्या सरत्या दिवसांची हुरहुर मनाला स्पर्श करून जाते. ज्या पुस्तकाने हसवले, त्यानेच अलगद डोळे ओलावले! परभाषेतील विनोदी पुस्तकाचा अनुवाद निवडताना तर भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली चार पाने वाचून पाहावीत. वाक्ये मराठीत हसत असली, तर पुस्तक घरी न्यावे. नुसतीच मराठीत लिहिलेली असली, तर ठेवून द्यावे.

या तीन कसोट्यांखेरीज एक साधी व्यवहाराची गोष्टही सांगण्याजोगी आहे. विरंगुळ्याचे पुस्तक कर्तव्य म्हणून वाचू नये. थोरामोठ्यांनी वाखाणलेले पुस्तक आपल्याला आवडलेच पाहिजे, असा दंडक नाही. प्रत्येकाच्या हसण्याची जात निराळी असते. एखाद्याला वुडहाऊसच्या गुंतागुंतीच्या घोटाळ्यांत मौज वाटते, तर दुसऱ्याला द. मा. मिरासदारांच्या खेड्यातील इरसाल माणसांत. तीस-चाळीस पानांपर्यंत मन रमले नाही, तर ते पुस्तक खुशाल ग्रंथालयात परत करावे आणि दुसरे आणावे. ग्रंथपालास त्यात काही वावगे वाटत नाही. पुस्तके बदलून देण्यासाठीच तो तेथे बसलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, “मुले मग हलकेच वाचीत राहतील, जड पुस्तकांना कधी हात लावतील?” हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. जन्मभर केवळ पेजेवर कोणी बलवान होत नाही. परंतु अनुभव असा सांगतो, की वाचनाची गोडी लागलेले मन एकाच पायरीवर फार काळ बसून राहत नाही. ‘पिकविक’चेच उदाहरण घ्या. हसत हसत आपण त्या गोलमटोल गृहस्थाच्या मागे चाललेलो असतो आणि चालता चालता एकाएकी कर्जदारांच्या तुरुंगात येऊन पोहोचतो. तेथील कोंदट खोल्यांत पिचणारी माणसे आपल्याला दिसतात. धन्याला तेथे एकटे सोडावयाचे नाही, म्हणून सॅम वेलर मुद्दाम स्वतःवर कर्जाचा दावा ओढवून घेतो आणि त्याच तुरुंगात दाखल होतो. गंमत पाहावयास निघालेला वाचक येथे करुणेच्या दारात उभा राहतो. आणि त्याला तेथवर आणले ते हसण्यानेच. ज्याला पुस्तकाने कधीच हसवले नाही, त्याला वाचन म्हणजे केवळ परीक्षेची शिक्षा वाटते. परीक्षा संपली, की तो पुस्तकाशी असलेले नाते तोडतो आणि पुन्हा आयुष्यात त्या वाटेला जात नाही. जड पुस्तकांचा खरा शत्रू हलके पुस्तक नव्हे. वाचनाविषयीची ही अढी हाच त्यांचा खरा शत्रू होय.

म्हणून घरातील पुस्तकांच्या फळीवर चरित्रे असावीत, इतिहास असावा, विज्ञान असावे. आणि त्यांच्या शेजारीच, मुलाचा हात पोहोचेल अशा ठिकाणी, दोन-चार चांगली विनोदी पुस्तकेही असावीत. आणि ती वाचताना एखादे मूल मोठ्याने हसले, तर त्याला अभ्यासाची आठवण करून देण्यापूर्वी घरातील वडीलमाणसाने एवढेच विचारावे, “काय रे, एवढे काय गमतीचे आहे? मलाही वाचून दाखव पाहू!”