शेगडी पेटविण्यापूर्वी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वीजींचे विहार सुरू होतात आणि पूर्व विदर्भात थंडी दाराशी येते. इटियाडोहच्या परिसरात ती अंमळ अधिकच. गाढवी नदीवरचा विस्तीर्ण जलाशय, सभोवती जंगल आणि धानाच्या बांध्या. पहाटे पाण्यावरून उठलेले धुके दिवस वर आला तरी हलत नाही. गोंदियाचा पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. आपली घरे मात्र उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. मग माळ्यावरची शेगडी खाली येते.

त्या भागातील एका श्राविकेने मला विचारले, ‘‘अग्निकायाची विराधना होते, तर शेगडी पेटवूच नये काय? घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत.’’ प्रश्न लहान नाही. आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात, शस्त्रपरिज्ञेत, अग्निकायिक जीवांचा विचार आला आहे. साधूंना अग्नीचा सर्वथा त्याग आहे. श्रावकाला मर्यादा आहे. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म पहिले, पण तो कोळशावर चालणाऱ्या उपजीविकेचा निषेध आहे. वृद्ध सासूबाईंना ऊब देण्याचा नव्हे. त्यांची शेगडी प्रयोजनाची. नुसत्या गप्पांसाठी मध्यरात्रीपर्यंत धगधगत ठेवलेली शेकोटी मात्र अनर्थदंडाकडे झुकते, असे माझे मत आहे.

पेटवायची ठरली, की यतना आली. आणि ती काडी ओढण्यापूर्वी, दिवसाउजेडी करावयाची. पावसाळाभर अडगळीत पडलेल्या शेगडीच्या तोंडात कोळी जाळे विणतो, मुंग्या अंडी ठेवतात, कुंभारीण मातीचे घर बांधते. मऊ पूंजणीने हळुवार प्रमार्जन करावे आणि निघालेले जीव सावलीत, पायदळी न येतील अशा ठिकाणी सोडावे. मातीच्या शेगडीला भेग गेली असेल तर चिकणमातीत थोडा भुसा कालवून लिंपावे, सावलीत पूर्ण वाळू द्यावे आणि पहिला विस्तव अगदी मंद ठेवावा. ओल्या शेगडीत एकदम जाळ केला तर ती पुन्हा तडकते. पत्र्याची असेल तर खालची जाळी गंजून पातळ झाली आहे का, ते पाहावे. निखारा तिथूनच खाली पडतो.

इंधनाचे पडिलेहण याहून महत्त्वाचे. लाकडाला बारीक छिद्रे असून त्यांतून पिठासारखा भुगा गळत असेल, तर आत अळी आहे असे समजावे. ते लाकूड बाजूला ठेवावे. सुटलेल्या सालीखाली पाहावे. गोवरी मोडूनच घालावी. तिच्या खाली वाळवी असते, कधी विंचूही. हे केवळ जीवदयेपुरते नाही, हाताच्या बोटांसाठीही हितकर आहे!

आता ज्यासाठी मुख्यत्वे लेखणी उचलली, ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका परिचितांच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत गेलो. दार बंद, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि खाटेखाली निखाऱ्यांवर धानाचा भुसा टाकलेली शेगडी. भुशाने विस्तव रात्रभर मंद धुमसतो, म्हणून ही जुनी युक्ती. मी खिडकी उघडावयास सांगितले तेव्हा आजीबाई म्हणाल्या, ‘‘भाऊजी, बाळाला वारा लागेल ना!’’ त्यांची माया खरी होती. पण धुमसत्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. निखारे लाल झाले, धूर सरला, म्हणजे धोका सरला, हा समज चुकीचा आहे. त्या दिवशी शेगडी ओसरीवर गेली, बाळाला लोकरी टोपरे चढले आणि आजीबाई माझ्यावर थोड्या रुसल्या.

म्हणून त्या श्राविकेला मी असे सुचविले: सूर्यास्तापूर्वी सासूबाईंना उन्हात बसवावे, सायंकाळी दार व समोरची खिडकी उघडी ठेवून शेगडीजवळ शेक घ्यावा, निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढावी. रात्री गरम पाण्याची पिशवी आणि घोंगडी पुरते. लोकरीचे कपडे आधीच काढून कसर लागली आहे का, ते पाहावे. शेगडीपाशी कोणाचे डोके जड झाले, मळमळू लागले, तर त्याला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विस्तव शमविण्यासाठी पाणी ओतू नये. त्यात अप्कायाचीही विराधना होते आणि तापलेली शेगडीही फुटते. वरून राख पसरून झाकावे, आपोआप विझतो. राखेत निखारा कित्येक तास जिवंत राहतो, तेव्हा ती पत्र्याच्या डब्यात, धानाच्या तणसापासून दूर ठेवावी. दुसऱ्या दिवशी चाळून घेतली की भांड्यांना चालते. गोवरीची स्वच्छ, वस्त्रगाळ राख मात्र निराळी भरून ठेवावी. साधू-साध्वीजींच्या केशलोचासाठी तिची विचारणा होते, आणि शहरातल्या श्रावकांकडे ती आता सहसा मिळत नाही.